दार बंद असलं तरी: ओब्राक पठारावरून कोंकपर्यंत चर्च बघत पायी

फ्रान्सच्या खेड्यातलं जुनं चर्च बघायला गेलेल्या माणसाची पहिली गाठ बहुतेक वेळा कुलपाशी पडते. नकाशावर बाराव्या शतकातलं चर्च दिसतं, आपण चार किलोमीटर वाकडी वाट करून पोचतो आणि लाकडी दार घट्ट बंद. आत कोणी नाही, बाहेर कोणी नाही, समोरच्या घराच्या खिडकीत एक मांजर. पॅरिस-रॅन्सच्या कॅथेड्रलबद्दल वाटेल तेवढी माहिती मिळते, पण खेड्यातलं दार कसं उघडायचं हे फारसं कोणी सांगत नाही. त्यामुळे या लेखाचा मोठा भाग त्याच कामासाठी आहे. बाकीचा भाग चालण्याचा.

उदाहरणाला एकच वाट घेतो. दक्षिण फ्रान्समधल्या ल पुई या गावापासून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत जाणारा एक जुना यात्रामार्ग आहे. ल पुईचा बिशप गोदेस्काल्क इ. स. 950-951 च्या सुमारास या यात्रेला गेला होता, म्हणजे वाट हजार वर्षांहून जुनी. आज तिला जीआर 65 म्हणतात, जीआर म्हणजे खुणा केलेली लांब पल्ल्याची पायवाट. ती सगळी चालायची गरज नाही. नास्बिनाल ते कोंक एवढा 85 किलोमीटरच्या आसपासचा तुकडा पाच दिवसांत आरामात होतो, आणि माझ्या मते जुनी चर्च आणि मोकळं रान यांचा इतका चांगला मेळ त्या वाटेवर दुसरीकडे नाही. यातल्या नास्बिनाल ते सें-शेली आणि सें-कोम ते एस्तें या दोन टप्प्यांना युनेस्कोने 1998 साली फ्रान्समधल्या यात्रामार्गांचा भाग म्हणून जागतिक वारशात घेतलं आहे. इमारतीला असा दर्जा मिळणं नवीन नाही, इथे चक्क पायवाटेला मिळाला.

कधी जायचं, कसं पोचायचं

मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर. वाटेच्या सुरुवातीचं ओब्राकचं पठार सुमारे 1,300 मीटरवर आहे. एप्रिलमध्येही तिथे बर्फ असू शकतं, आणि धुकं तर कधीही उतरतं. मेअखेर गुरं खालच्या खोऱ्यांतून कुरणात चढवतात. गळ्यात घंटा आणि फुलं बांधलेल्या पिंगट गायींची मिरवणूक हा तिथला मोठा सण. त्याच दिवसांत कुरणं रानटी नार्सिससने पांढरी होतात. मात्र मे महिन्यात असेन्शनचा, म्हणजे ख्रिस्त स्वर्गात गेल्याच्या सणाचा, गुरुवार येतो आणि त्याला जोडून फ्रेंच लोक शुक्रवारचीही रजा टाकतात. त्या चार दिवसांत वाटेवर एक खाट मिळणं मुश्कील, तारीख बघूनच ठरवा. सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार याच्या उलट कामाचा: तेव्हा देशभर वारसा दिवस असतात आणि एरवी कुलपात असलेल्या कितीतरी इमारती उघडतात.

जवळचं रेल्वे स्टेशन ओमों-ओब्राक. गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी रेल्वेचं वेळापत्रक बघा, नंतर नव्हे. तिथून नास्बिनाल 26 किलोमीटर. पायांत दम असेल तर तेही चालून या, नाहीतर यात्रेकरूंची ने-आण करणाऱ्या शटल गाड्या हंगामात मिळतात. त्याच गाड्या रोज सकाळी तुमची मोठी सॅक उचलून पुढच्या मुक्कामी पोचवतात. पाठीवर पाणी, रेनकोट आणि टॉर्च एवढंच ठेवून चालण्यात कमीपणा काही नाही. चर्च बघायची असतील तर अंगात त्राण उरलेलं बरं.

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. व्हिसासाठी मुक्कामाचे पुरावे मागतात आणि वाटेवरचे मुक्काम म्हणजे ‘जीत देताप’ नावाची छोटी यात्रीघरं, बरीचशी नवरा-बायको मिळून चालवतात. त्यांना इमेल करून तारीख, नावं आणि ‘व्हिसासाठी लेखी पुष्टी हवी’ हे साध्या फ्रेंचमध्ये लिहून कळवा. उत्तराला चार-पाच दिवस लागले तर घाबरू नका.

खुणा

जीआरची खूण म्हणजे झाडावर, दगडावर किंवा खांबावर रंगवलेले दोन आडवे पट्टे: वर पांढरा, खाली लाल. पट्ट्यांखाली बाण असेल तर त्या बाजूला वळा. तेच दोन रंग फुलीसारखे एकमेकांवर असतील तर ही वाट तुमची नाही, मागे फिरा. नुसता पिवळा पट्टा म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी, तीही चर्च शोधायला छान असते. सह्याद्रीत फिरलेल्यांना हे सोपं वाटेल आणि तिथेच घोटाळा होतो: खुणा इतक्या नियमित असतात की माणूस बोलत चालतो, वळण चुकतो आणि अर्ध्या तासाने लक्षात येतं. माझा नियम असा, दहा मिनिटांत खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत परत. सोबत फ्रान्सच्या सरकारी नकाशा-संस्थेचा 1:25,000 चा नकाशा ठेवा. त्यात चर्च, एकांडी चॅपेल (छोटी प्रार्थनाघरं), वाटेवरचे दगडी क्रॉससुद्धा दाखवलेले असतात.

पठारावर वाट थेट कुरणांतून जाते. फाटक उघडलंत तर मागे बंद करा, वीज सोडलेल्या तारेचा दांडा प्लास्टिकच्या मुठीलाच धरा, आणि वासरू असलेल्या गाईपासून लांबून वळसा घ्या. फोटोसाठी जवळ जाऊ नका. उंच गवतातून आल्यावर संध्याकाळी पोटऱ्या आणि गुडघ्यामागे गोचीड तपासा. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भडक रंगाचं काहीतरी अंगावर हवं. अडचणीत 112.

कुलपाचं शास्त्र

आधी कायदा समजून घेऊ, कारण किल्ली त्यातच आहे. 9 डिसेंबर 1905 च्या कायद्याने फ्रान्समध्ये धर्म आणि शासन वेगळे झाले. त्यानंतरच्या व्यवस्थेत आधीपासूनची गावोगावची चर्च गावाच्या मालकीची झाली, कॅथेड्रल बहुतांशी राज्याची. म्हणजे खेड्यातल्या चर्चच्या छपराची दुरुस्ती पाद्री करत नाही, ग्रामपंचायत करते. तिथल्या ग्रामपंचायतीला ‘मेरी’ म्हणतात. म्हणून दार बंद दिसलं की पाद्री शोधू नका, मेरी शोधा.

आता वेळ. छोट्या गावातली मेरी आठवड्यातून काही अर्धे दिवसच उघडते, आणि बारा ते दोन सगळा देश जेवत असतो. मी एकदा बाराला दहा कमी असताना किल्ली मागायला गेलो. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गोड हसून ‘दोन वाजता’ म्हणाल्या. वाद घालण्यात अर्थ नव्हता, चूक माझीच होती. तेव्हापासून दिवस उलटा आखतो. कोणतं चर्च किती वाजता गाठायचं हे आधी, चालायला किती वाजता निघायचं हे नंतर.

क्रम असा ठेवा. आदल्या रात्री मुक्कामाच्या मालकांना विचारा, कारण त्यांना सगळं ठाऊक असतं, अगदी कोणाच्या घरी किल्ली असते तेही. दारापाशी पोचल्यावर सूचनाफलक वाचा. ‘ऊव्हेर’ म्हणजे उघडं, ‘फेर्मे’ म्हणजे बंद, आणि ‘क्ले’ हा शब्द दिसला तर किल्लीचा पत्ता तिथेच लिहिलेला आहे. मुख्य दार बंद असेल तर दक्षिणेकडचं बाजूचं दार ढकलून बघा. कित्येकदा ते नुसतं जड असतं आणि लोक कुलूप समजून परत जातात. तरी नाही उघडलं तर मेरी, मग बेकरी, मग कॅफे. आत शिरताच ‘बोंजूर’ म्हणायचं. हे राहिलं तर पुढचं कोणी ऐकत नाही. मग ‘ला क्ले द लेग्लीझ, सिल वू प्ले’, चर्चची किल्ली, कृपया. किल्ली वीतभर लांबीची असू शकते. परत नेऊन देताना दोन शब्द चर्चबद्दल चांगले बोला, गावाला बरं वाटतं.

रविवारी मिस्साच्या, म्हणजे सामूहिक उपासनेच्या, वेळी दार हमखास उघडं असतं, पण एका पाद्र्याकडे कितीतरी गावं असल्याने मिस्सा आळीपाळीने फिरते. ‘मेस्स डॉट इन्फो’ (messes.info) या संकेतस्थळावर गाव टाकलं की वेळ कळते. मिस्सा चालू असताना फिरू नका. मागच्या बाकावर बसा, नाहीतर संपेपर्यंत बाहेर थांबा.

आत गेल्यावर दोन मिनिटं काहीच दिसत नाही. जाड भिंती, बारक्या खिडक्या. दाराजवळच्या खांबावर दिव्याचं बटण शोधा, बहुधा ते काही मिनिटांनी आपोआप बंद होतं. टॉर्च त्यासाठीच सोबत घ्यायची. चिखलाचे बूट पायरीवर घासा, काठ्या दाराशी ठेवा, टोपी काढा. आणि निघताना दार ओढून घ्या, पाकोळ्या आत शिरतात.

एक चोरटी युक्ती: पिण्याचं पाणी संपलं तर चर्चशेजारची स्मशानभूमी गाठा. कबरींवरच्या फुलांसाठी तिथे नळ असतो. त्यावर ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर मात्र ते पाणी पिण्याजोगं नाही.

आत काय बघायचं

या भागातली बहुतेक चर्च रोमनेस्क शैलीची, म्हणजे साधारण अकराव्या-बाराव्या शतकांतली. ओळखायची खूण सोपी: कमानी अर्धगोल. कमान वर टोकदार झाली की गॉथिक काळ आला. वेदी पूर्वेला असते, त्यामुळे प्रवेशाचं मुख्य दार सहसा पश्चिमेला आणि त्यावरचं शिल्प संध्याकाळच्या उन्हात उठून दिसतं. आपल्या देवळांत दारावर जिथे गणेशपट्टी असते, त्याच्या वरची अर्धगोल जागा इथे शिल्पांनी भरलेली असते. तिला टिंपॅनम म्हणतात. आत शिरण्याआधी चर्चला बाहेरून एक पूर्ण फेरी मारा आणि मागच्या गोल भिंतीवर, छपराच्या खाली मान वर करून बघा. छप्पर तोलणाऱ्या दगडांवर माकडतोंडी चेहरे, प्राणी, वाकुल्या दाखवणारी माणसं कोरलेली असतात. कारागिरांनी धार्मिक विषयातून सुट्टी घेतली ती इथे.

आणखी एक गोष्ट बघत चला: दगड. लांबून दगड आणणं महाग होतं, म्हणून ज्या जमिनीवर तुम्ही सकाळपासून चालताय तीच संध्याकाळी चर्चच्या भिंतीत उभी दिसते.

पाच दिवस

नास्बिनालला निघण्याआधी गावातलं चर्च बघा. ओब्राकचं पठार आपल्या सह्याद्रीसारखंच ज्वालामुखीतून आलेल्या बेसाल्टचं आहे, फक्त कडे नाहीत, सगळं गुळगुळीत फिरलेलं. चर्चही त्याच काळपट दगडाचं, बुटकं, वर अष्टकोनी मनोरा. दारापाशी एका स्तंभशीर्षावर धनुर्धारी आणि भालेकरी यांची झुंज कोरलेली आहे, डोळ्यांच्या पातळीवर असूनही चटकन दिसत नाही.

तिथून ओब्राक गाव नऊ किलोमीटर, बहुतेक उघड्या कुरणांतून. बाराव्या शतकात इथे यात्रेकरूंसाठी मोठा आश्रम उभा राहिला. धुक्यात आणि हिमवादळात वाट चुकलेल्यांसाठी इथली घंटा वाजवत ठेवत, तिला ‘हरवलेल्यांची घंटा’ म्हणत. चर्च आतून जवळजवळ रिकामं आहे, थंड, आणि मला तरी तसंच आवडलं. मग सें-शेलीपर्यंत आठ किलोमीटर सततचा उतार. गुडघे कुरकुरत असतील तर काठ्या इथेच काढा.

दुसऱ्या दिवशी चेस्टनटच्या जंगलातून सोळा किलोमीटर उतरत सें-कोम-दोल्त. ‘ओल्त’ हे लोत नदीचं जुनं नाव. चर्चचा कळस ज्वाळेसारखा पीळ घेत वर गेला आहे, सोळाव्या शतकातला. ओकच्या दाराला हाताने ठोकलेले 365 लोखंडी खिळे आहेत म्हणतात. मी मोजायला लागलो आणि शंभराच्या आसपास सोडून दिलं.

तिसरा दिवस सगळ्यात श्रीमंत, म्हणून लवकर निघा. एस्पालियोंच्या अलीकडे, गावाबाहेर स्मशानभूमीला लागून पेर्सचं चर्च आहे. काळा दगड संपला, हे तांबड्या वालुकाश्माचं. दक्षिण दारावर पेन्टेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा प्रसंग: मरिया आणि तिच्याभोवती शिष्य, वरून उतरणारं कबुतर. खाली नरकाचा उघडा जबडा. बाजूच्या भिंतीत वर बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे वेगळे बसवलेले आहेत, ते बघायचं विसरू नका. मग एस्पालियोंमध्ये बाजार, नदीवरचा जुना तांबडा पूल, दुपारची भाकरी.

पुढे तीनेक किलोमीटरवर बेस्युएजूल. वाटेवरून एक साधं चर्च दिसतं आणि पुष्कळ लोक पाणी पिऊन निघून जातात. ती चूक करू नका. खालचं चर्च नंतरच्या काळात बदललेलं आहे, खरी गोष्ट मनोऱ्यात आहे. अरुंद, मधोमध झिजलेला गोल जिना चढून गेलात की अकराव्या शतकातलं सेंट मायकेलचं छोटं चॅपेल लागतं. मायकेल हा उंचावरचा देवदूत, म्हणून त्याची जागा वर. दगडी वेदीवर एकात एक गुंतलेल्या पट्ट्यांची वीण, मायकेल आणि राक्षसी सर्प. आत चारपाच माणसं मावतील. जिन्यात सॅक अडकते, खाली ठेवा. चर्चमागून लगेच दमवणारा चढ सुरू होतो, त्यामुळे इथे अर्धा तास बसलात तरी हरकत नाही. मुक्काम एस्तेंला, किल्ल्याखाली.

चौथा दिवस, एस्तें ते गोलिन्याक, साधारण पंधरा किलोमीटर आणि मुख्यतः चढ. चर्चच्या दृष्टीने विश्रांती.

जेवणाबद्दल

यात्रीघरात रात्रीचं जेवण, खाट आणि नाश्ता मिळून साधारण 45 ते 60 युरो धरा आणि रोख पैसे जवळ ठेवा, एटीएम दरेक गावात नाही. जेवण सातला, सगळे एका टेबलावर. बूट दाराशी, आणि बऱ्याच ठिकाणी सॅकसुद्धा बाहेरच ठेवायला सांगतात. ढेकणांची भीती, अपमान मानू नका.

शाकाहाऱ्यांनी आरक्षणाच्या इमेलमध्येच लिहावं: ‘सां व्हियांद, सां प्वासों, सां लार्दों’. म्हणजे मांस नको, मासे नको, सुकवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडेही नकोत. शेवटचा शब्द महत्त्वाचा, कारण सूपमध्ये ते ‘चवीपुरते’ घालतात आणि त्याला मांस धरत नाहीत. पठाराचा मानाचा पदार्थ अलिगो: उकडलेल्या बटाट्यात ताजं चीज आणि लसूण घालून इतकं घोटतात की पळी वर उचलली की हातभर तार निघते. त्यातलं चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं, हे पाळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. काही घरांत स्वयंपाकघर वापरायला मिळतं, ‘जेस्त्यों लिब्र’ लिहिलेलं बघा. ल पुईची हिरवी मसूर दुकानात मिळते. सोबत थोडा गोडा मसाला असेल तर आमटी झकास होते आणि टेबलावरचे शेजारी वाटी पुढे करतात.

कोंक

पाचव्या दिवशी एस्पेराक, सेनेर्ग करत सुमारे एकवीस किलोमीटर. शेवटचा उतार दगडगोट्यांचा आणि तीव्र. झाडीतून एकदम पाटीच्या दगडांची राखाडी छपरं दिसतात. चारच्या आधी पोचा, कारण इथल्या, सेंट फोय या संत मुलीच्या नावाच्या चर्चच्या टिंपॅनमवर पश्चिमेचं ऊन तेव्हा येतं.

हे शेवटच्या न्यायनिवाड्याचं दृश्य आहे, बाराव्या शतकातलं, एकूण 124 आकृत्या. मधोमध ख्रिस्त, त्याचा उजवा हात वर स्वर्गाकडे, डावा खाली नरकाकडे. बघायला सुरुवात डावीकडून करा, तिथे सगळं शिस्तीत आहे: ओळीने निघालेले संत, कमानीखाली बसलेले पुण्यात्मे, आणि एका कोपऱ्यात गुडघ्यांवर वाकलेली कोवळी सेंट फोय, जिच्याकडे ढगातून देवाचा हात आला आहे. तिच्यामागे बेड्या टांगलेल्या दिसतील, तिने सोडवलेल्या कैद्यांच्या. उजवीकडे मात्र कारागिराचा हात सुटला आहे. गळ्यात पैशाची थैली अडकवून फासावर लटकलेला कंजूष, घोड्यावरून उलटा पडलेला गर्विष्ठ सरदार, आणि शिकाऱ्याला सळईवर भाजणारा ससा. निळ्या-तांबड्या रंगाचे अंश अजून टिकून आहेत. शेवटी बाहेरच्या कमानीची कड बघा: दगडी पट्टीमागून बोटं आणि डोळे बाहेर काढून काही चेहरे खालचा तमाशा बघताहेत. दुर्बीण आणली असेल तर इथेच वापरा.

ही सेंट फोय मूळची इथली नाही. तिचे अवशेष नवव्या शतकात आजँ गावातून कोंकच्या एका भिक्षूने चोरून आणले, आणि कोंकचं सगळं वैभव त्या चोरीवर उभं राहिलं. तिची सोन्याने मढवलेली, रत्नं जडवलेली बसलेली मूर्ती खजिन्याच्या दालनात आहे, तिथे तिकीट आहे आणि ते काढाच. राज्यक्रांतीत हा खजिना गावकऱ्यांनी घराघरांत लपवला आणि नंतर परत आणून दिला. इमारत मात्र ढासळत चालली होती. 1837 साली स्मारकांचा सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे इथे आला आणि त्याच्या अहवालाने ती वाचली.

आत खिडक्यांकडे बघून बरेच लोक हिरमुसतात, कारण रंगीत काच नाही. जवळच्या रोदेझमध्ये जन्मलेले चित्रकार पिएर सुलाज यांनी 104 खिडक्यांसाठी बिनरंगाची, दुधट काच मुद्दाम तयार करवून घेतली. 1994 मध्ये काम पूर्ण झालं. एका जागी बसा आणि ढग जाऊ द्या: तीच काच निळसर होते, मग पिवळसर. म्हणून कोंकला एक रात्र नव्हे, दोन ठेवा. रात्रीच्या प्रार्थनेनंतर इथले धर्मबंधू टिंपॅनम समजावून सांगतात, हंगामात ऑर्गन वाजतो आणि वरच्या सज्ज्यात जाऊ देतात. फ्रेंच कळलं नाही तरी जा.

परतीची शटल दुपारची घ्या आणि सकाळी मोकळ्या अंगाने खाली दुर्दू नदीवरच्या दगडी पुलापर्यंत उतरा. त्याला ‘पों रोमें’, रोमन पूल म्हणतात, पण तो रोमनांचा नाही. स्थानिक ऑक्सितान भाषेत ‘रुमियू’ म्हणजे यात्रेकरू, त्याचा तो अपभ्रंश. पलीकडे चढ लागतो आणि वर सेंट फोयचं छोटं चॅपेल आहे. कोंक सोडून पुढे जाणारे तिथली घंटा वाजवतात आणि ती खाली गावात ऐकू येते. तुम्ही पुढे जाणार नसलात तरी वाजवा.